मेव्हण्यांची अणुवीज आणि मुलीची नोकरी

पत्र:

नमस्कार. पूर्व भागात माझा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनियर झाली. गेट परीक्षेचा स्कोअर चांगला आला, मुलाखत झाली आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनमध्ये एक्झिक्युटिव्ह ट्रेनी म्हणून तिची निवड झाली. पुण्याच्या एका सोलर कंपनीचंही बोलावणं आहे, पगार साधारण तेवढाच. तिला अणुवीज केंद्रातच जायचंय. मला वाटतं ते क्षेत्र संपत आलं, जर्मनीनं तर सगळी केंद्रं बंद केली म्हणतात. शिवाय किरणोत्सर्ग, मुलीची जात, पुढे लग्न, मूलबाळ. दुसरं असं की कारखान्याच्या छपरावर सोलर बसवायचं होतं, बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण मेव्हणे म्हणतात, थांबा, सरकार अणुवीज आणतंय, छोट्या अणुभट्ट्या एमआयडीसीत बसणार, युनिट दोन रुपयांवर येईल आणि तुमची पॅनेलं भंगारात जातील. काय करू?
— एक कारखानदार, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

मालक, एकाच पत्रात तुम्ही दोन उलट गोष्टी लिहिल्यात. मुलीचा विषय निघाला की अणुवीज संपत आलेली, आणि कारखान्याचा निघाला की तीच अणुवीज एवढी बहरणार की युनिट दोन रुपयांवर. भीती तुमची आणि आशा मेव्हण्यांची, हे मान्य. पण दोघांच्याही नजरेतून एकच गोष्ट सुटलीय. अणुवीज कुठे निघून चाललेली नाही, आणि धावतही येत नाही. ती इतकी संथ येते की मुलीच्या नोकरीला ते बरंच आहे आणि तुमच्या वीजबिलाला त्याचा काही उपयोग नाही.

आज ती किती आहे ते आधी बघू. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. तेव्हापासून आजवर देशाची अणुविजेची क्षमता पोचली पावणेनऊ हजार मेगावॅटच्या आसपास. सौरऊर्जेनं जानेवारी 2025 मध्ये एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला, आणि त्यातलं जवळपास सगळं गेल्या दहा-बारा वर्षांत उभं राहिलं. एवढेच आकडे बघितले तर तुमची शंका रास्त आहे. पण मेगावॅट ही नुसती क्षमता झाली, बिल येतं ते युनिटचं. 2024-25 या वर्षात अणुवीज केंद्रांनी सुमारे 5,700 कोटी युनिट दिले, आणि देशभरातल्या सौर प्रकल्पांनी सुमारे 14,400 कोटी. क्षमता बाराव्या हिश्श्याएवढी, युनिट मात्र चाळीस टक्क्यांच्या घरात. सोलर पॅनेल वर्षाच्या सरासरीनं आपल्या क्षमतेच्या वीसेक टक्के काम करतं, कारण रात्र आहे, ढग आहेत. अणुभट्टी एकदा लागली की लागली. कारवारजवळच्या कैगा केंद्रातली एक नंबरची भट्टी 2018 च्या अखेरीस थांबवली तेव्हा ती सलग 962 दिवस चालली होती, तोवरचा जागतिक विक्रम. त्या जातीच्या भट्टीत चालू असतानाच इंधन बदलता येतं, त्यामुळे हे जमतं.

तरीही देशात तयार होणाऱ्या शंभर युनिटांत अणुविजेचे तीनच. हा आकडा मेव्हण्यांना जेवताना सांगा.

आता ही तीन युनिटं कशाला हवीत? तुमचे माग रात्रपाळीला चालतात ना? त्या वेळी सूर्य नसतो. वीज येते ती मुख्यतः कोळशावरची. आपल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प 1,320 मेगावॅटचा. तो पूर्ण भारानं चालला तर दिवसाला साधारण वीस हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाड्यांचे पाचेक रेक, तेही शेकडो किलोमीटरवरून. तेवढीच वीज आपल्या देशी पद्धतीच्या अणुभट्टीतून काढायची तर दिवसाला साधारण सहाशे-सातशे किलो नैसर्गिक युरेनियम पुरतं. इंधनाची ही वाहतूक बघितली की इंजिनियर लोक अणुविजेवर का लट्टू होतात ते कळतं. वीज मंडळात आयुष्य काढलेला मीही त्यातलाच, त्यामुळे माझं म्हणणं थोडं पारखून घ्या.

दिवसाची वीज आता सौरच स्वस्तात देणार, त्यात वाद उरलेला नाही. संध्याकाळचे चार-पाच तास बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प निभावतील. उरते मध्यरात्र ते पहाट, आणि जुलै-ऑगस्टमधले ते ढगाळ आठवडे. कोळसा कमी करायचा म्हटलं तर तिथे काय ठेवायचं? धरणांची वीज वाढून वाढून किती वाढणार? म्हणून अणुवीज. ती सौरशी स्पर्धा करत नाही, कोळशाची जागा मागते. मुलीपुढे ‘सोलर की अणु’ असा प्रश्न टाकताना हे ध्यानात असू द्या.

आणि सोलापूरला हे नवं नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी एका तालात आली. देशाची वीजव्यवस्था एकसंध झाली ती आपल्या दारातून. तेव्हापासून कैगा काय, कुडनकुलम काय, तारापूर काय, सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात आहे. तुमच्या मागाला फिरवणारी वीज कुठल्या भट्टीची, हे कुणी सांगू शकत नाही.

जर्मनीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. 15 एप्रिल 2023 ला त्यांनी शेवटची तीन केंद्रं बंद केली. पण जर्मनी म्हणजे जग नव्हे. जपाननं 2011 च्या फुकुशिमा केंद्रातल्या अपघातानंतर सगळ्या भट्ट्या थांबवल्या होत्या, आता एकेक करून सुरू करतोय. फ्रान्सची दोनतृतीयांश वीज आजही अणूतून येते. चीन सगळ्यांत वेगानं नव्या भट्ट्या बांधतोय. 2023 च्या दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी 2050 पर्यंत अणुवीज तिप्पट करायचं जाहीर केलं. जाहीर करण्याला काँक्रीट लागत नाही, हे आहेच. पण क्षेत्र मरतंय असं म्हणायला आधार नाही.

काँक्रीटचं मात्र बघाच, कारण खरं दुखणं तिथं आहे. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलच्या भट्टीचं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि ती ग्रिडला जोडली गेली 2024 च्या डिसेंबरात. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट. याच बनावटीच्या सहा भट्ट्या, 9,900 मेगावॅट, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला बसायच्या होत्या. जमीन घेऊन झाली, आंदोलन झालं, 2011 मध्ये गोळीबारात एक माणूस गेला, सरकारं आली-गेली. भट्टी एकही नाही. आपल्या स्वतःच्या तंत्राची गोष्ट जरा बरी, पण तीही डोळे दिपवणारी नाही. गुजरातमधल्या काकरापारच्या तीन नंबरच्या भट्टीचं काँक्रीट 2010 ला पडलं, व्यापारी उत्पादन सुरू झालं 2023 ला. तेरा वर्षं. तेवढ्यात तुमची मुलगी प्राथमिक शाळेतून इंजिनियर झाली.

सरकारनं 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचं उद्दिष्ट जाहीर केलं. माझं मत विचाराल तर ते गाठलं जाणार नाही. निम्मं गाठलं तरी मी टोपी काढीन. पण निम्मं म्हणजेसुद्धा आहे त्याच्या पाचपटीहून जास्त! त्यासाठी 700 मेगावॅटच्या भट्ट्यांची रांग लावावी लागेल, आणि दहा भट्ट्यांना 2017 मध्येच मंजुरी मिळालेली आहे. राजस्थानात माही बांसवाड्याला चार भट्ट्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि एनटीपीसी मिळून बांधणार आहेत. म्हणजे फताटेवाडीत कोळसा जाळणारी कंपनी स्वतःच या धंद्यात उतरलीय. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ‘शांती’ नावाचा नवा कायदा मंजूर केला आणि खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. या कायद्यातलं मला एक पटलेलं नाही, ते इथेच सांगतो. 2010 च्या कायद्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्यालाही अपघाताच्या भरपाईसाठी धरता येत होतं. ते कलम काढलं. परदेशी कंपन्या त्या कलमामुळे येत नव्हत्या, हे कारण मला ठाऊक आहे. पण यंत्र देणारा मोकळा आणि चालवणारा अडकला, हा न्याय कारखानदार म्हणून तुम्हाला तरी पटेल का?

असो. मुलीसाठी याचा अर्थ सरळ आहे. पुढची वीस-पंचवीस वर्षं भट्टी चालवता येणारी, परवाना असलेली माणसं कमी पडणार, आणि आजवर मालक एकच होता तिथे आता चार-पाच गिऱ्हाइकं असतील.

किरणोत्सर्गाबद्दल तुम्ही धास्तावलात, आणि ती धास्ती ‘काही होत नाही हो’ म्हणून झटकावी अशी नाही. आकडे बघा. किरणोत्सर्गाचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाचा एक सीटी स्कॅन काढला की साधारण आठ-दहा. केंद्रात काम करणाऱ्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20, आणि कुठल्याही एका वर्षी 30 च्या वर नाही. छातीवर मोजणीचा बिल्ला असतो आणि प्रत्येकाच्या डोसची नोंद ठेवली जाते. बहुतेकांचा प्रत्यक्ष डोस या मर्यादेच्या बराच खाली राहतो. आणि तुम्ही जे स्पष्ट लिहिलं नाही पण विचारलंत, त्याचं उत्तर: बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टहून जास्त डोस जाऊ नये असा नियम आहे, त्यासाठी काम बदलून दिलं जातं. इथे कळवणं महत्त्वाचं. लाजून उशिरा सांगायचं नाही. हे तिच्या आईनं तिला सांगावं.

अपघाताचं वेगळं. भट्टी बंद केली म्हणजे उष्णता बंद होत नाही, मालक. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के आत तशीच निर्माण होत राहते, हळूहळू उतरते, आणि तोवर पाणी फिरवत राहावं लागतं. फुकुशिमात 11 मार्च 2011 ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या आपोआप नीट बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, पाणी फिरेना, आणि इंधन वितळलं. म्हणजे धोका खरा आहे आणि तो कुठून येतो हे माहीत आहे. त्या पाण्यावर आणि त्या जनरेटरवर लक्ष ठेवणं हीच तर या नोकरीतली मुख्य गोष्ट. अपघात अशक्य आहे असं मुलाखतीत कुणी छातीठोक सांगितलं असेल, तर तो अधिकारी मला आवडणार नाही. उरलेल्या इंधनाचं म्हणाल, तर आपल्याकडे त्यावर पुन्हा प्रक्रिया करतात आणि शेवटचा जहाल भाग काचेत बंद करून ठेवतात. हजारो वर्षं पुरून ठेवायची कायमची जागा मात्र अजून भारतानं बांधलेली नाही. तो प्रश्न उघडाच आहे.

लग्नाचं? अणुवीज केंद्रात नोकरी आहे म्हणून जे स्थळ मागे फिरेल ते फिरू दे. या मुद्द्यावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

तिच्याशी बोलायचंच असेल तर वेगळ्याच गोष्टींवर बोला. ही केंद्रं गावाबाहेर असतात. रावतभाटा, कैगा, कुडनकुलम, काकरापार: जिथे टाकतील तिथे जायचं. वसाहत चांगली, शाळा-दवाखाना असतो, पण संध्याकाळी नवी पेठेत फेरफटका मारायची सवय असलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातील. वर्षभर प्रशिक्षण, त्यानंतर ठरावीक वर्षं नोकरी करायचा बाँड. बाँडची रक्कम आणि मुदत तिच्या नेमणूकपत्रात आहे, ते तुम्ही दोघांनी सोबत बसून वाचा. कंट्रोल रूमकडे गेली तर पाळ्या आहेत, आणि परवान्याच्या परीक्षा आहेत, त्या सोप्या नाहीत. बांधकामाकडे गेली तर तिच्या आयुष्यातली दहा-बारा वर्षं एकाच प्रकल्पात जाऊ शकतात. काहीजण त्यातच रमतात, काहीजण कंटाळून जातात. सोलर कंपनीत दर तीन महिन्यांनी नवा प्रकल्प उभा राहिलेला दिसतो. तिचा पिंड कुठला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिला स्वतःला जायचंय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा माझं मत तिच्या बाजूनं. जाऊ द्या.

आता मेव्हणे. त्यांनी ऐकलंय ते अगदीच हवेतलं नाही. सरकारनं छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी जाहीर केलेत आणि 2033 पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या चालू करायचं म्हटलंय. उद्योगांनी स्वतःच्या वापरासाठी पैसा घालून उभारायची ‘भारत स्मॉल रिअॅक्टर’ नावाची योजनाही आहे. पण तिथल्या एका ‘छोट्या’ भट्टीचा आकार 220 मेगावॅट! ती पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटच्या मोठ्या घराण्यांसाठी आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांनी वर्गणी काढून घ्यायची वस्तू ती नव्हे. एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या महानिर्मिती कंपनीनं रशियाच्या रोसातोम या सरकारी अणुकंपनीबरोबर थोरियमवरच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला, बहुधा त्याचीच बातमी मेव्हण्यांपर्यंत आली असावी. सामंजस्य करार म्हणजे कांदेपोहे झाले, साखरपुडासुद्धा नाही. आणि कुठलीही भट्टी आली तरी तिला थंड करायला पाणी लागतं, कोळशाच्या केंद्राएवढं किंवा जास्तच. उजनीचा मृतसाठा उन्हाळ्यात कुठवर खाली जातो हे सोलापूरकराला सांगायला नको.

दोन रुपये युनिटचंही बघू. जुन्या केंद्रांची अणुवीज स्वस्त आहे, कारण त्यांचं भांडवल केव्हाच फिटलंय. नव्या भट्टीचा जवळपास सगळा खर्च बांधकामाचा आणि त्यावरच्या व्याजाचा असतो. तेरा वर्षं बांधकाम चाललं तर व्याज किती चढतं, हे कर्ज काढलेल्या माणसाला कळतं. नवी अणुवीज सौरपेक्षा महागच पडणार. मोठ्या सौर प्रकल्पांचे निविदेतले दर आज अडीच रुपयांच्या आसपास आहेत. त्यात महावितरण सगळीकडची वीज घेऊन एकत्र भाव लावते. त्या खरेदीत अणुविजेचा वाटा लहान, आणि तुमच्या बिलात विजेच्या किमतीवर पुन्हा वाहिन्यांचं भाडं, गळती, इतरांची सबसिडी, वीज शुल्क. अणुविजेचा दर थोडा हलला तरी बिलाच्या शेवटच्या आकड्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा छपरावर सोलर बसवा. थांबण्याचं कारण नाही. पण डोळे उघडे ठेवून. तुमची दिवसपाळी किती आणि रात्रपाळी किती, ते आधी लिहून काढा. आपल्या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, एजंट पाच-साडेपाच सांगेल. तुमचा दिवसाचा वापर भागेल एवढ्याच क्षमतेचं घ्या. दिवसाची जादा वीज ग्रिडला देऊन रात्री परत घेऊ, या हिशोबावर कर्ज काढू नका, ते नियम वीज नियामक आयोग बदलत असतो आणि बदलाची दिशा कारखानदाराच्या सोयीची नाही. बिलावरचा वेळेनुसार दराचा रकाना बघा. दिवसा, उन्हाच्या तासांत, ग्रिडची वीजच स्वस्त होत चाललीय आणि संध्याकाळची महाग. म्हणजे सोलरनं वाचणारे पैसे आज एजंट दाखवतो त्याहून कमी निघतील, परतफेडीची वर्षं थोडी वाढवूनच धरा. केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान घरच्या मीटरला आहे, कारखान्याच्या नाही. ते गृहीत धरून कोटेशन दिलं असेल तर ते परत करा.

छपराचं काय? जुन्या कारखान्यांवर सिमेंटचे पत्रे असतात, ते ठिसूळ. सांगाडा आणि पत्रे कुणा स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय एक बोल्टही मारू देऊ नका. टॉवेलच्या कारखान्यातला रुवा पॅनेलवर बसतो आणि वर आपली धूळ, तेव्हा धुण्याच्या पाण्याचा आणि माणसाचा खर्च धरा. कोटेशन आलं की मुलीच्या हातात द्या. रुजू व्हायला अजून वेळ असेल, आणि तिला सोलर कंपनीनं बोलावलंय म्हणजे त्यातलंही तिला कळतंच. इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची आणि ती बनवणाऱ्या कंपनीची की बसवणाऱ्याची, हे तिला सगळ्यात आधी तपासायला सांगा.